लंडनचा ‘ब्लॅक फ्रायर’ पब नक्की किती जुना, आणि तिथे बघायचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवाळीनंतर आई-बाबांना घेऊन लंडनला येताय आणि यादीत ब्लॅकफ्रायर्स स्टेशनसमोरचा ‘ब्लॅक फ्रायर’ पब आहे. एके ठिकाणी वाचलंत की तो तेराव्या शतकातल्या मठात आहे, दुसरीकडे साल दिलंय १८७५, तिसरीकडे १९०५. त्यामुळे आतले संगमरवर आणि साधूंची शिल्पं अस्सल की पर्यटकांसाठी उभा केलेला देखावा, असा संशय आलाय. शिवाय आई-बाबा दारू घेत नाहीत, तर त्यांना पबमध्ये नेणं बरं दिसेल का, हेही विचारलंत.

मी लंडनमध्ये जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करते, त्यातही मुख्यतः दगड आणि मोझेकचं. या पबचं काम माझ्याकडे कधी नव्हतं, हे आधीच सांगते. पण हाताखाली नवीन कुणी आलं की मी त्याला इथे घेऊन येते, कारण एवढ्याशा जागेत इतक्या तऱ्हेचं काम एकत्र बघायला मिळणं कठीण.

आधी सालांचा घोळ मिटवू. तुम्ही वाचलेली तिन्ही सालं आपापल्या जागी बरोबर आहेत. तेरावं शतक त्या जमिनीचं, १८७५ भिंतींचं, आणि १९०५ हे तुम्ही जे बघायला जाणार आहात त्या कामाचं. चौथं एक राहिलंय, १९१७ ते १९२१, ते मागच्या गुहेसारख्या खोलीचं. ‘किती जुना’ या प्रश्नाला एक उत्तर नाही, आणि संशय निर्माण होतो तो हे चार थर एकत्र कालवल्यामुळे.

जमिनीचं आधी सांगते. डोमिनिकन पंथाचे फ्रायर म्हणजे गावाबाहेरच्या मठात कोंडून न राहता शहरात फिरून प्रवचन करणारे, भिक्षेवर जगणारे संन्यासी. अंगात पांढरा झगा आणि वरून काळा अंगरखा, म्हणून लोक त्यांना ब्लॅकफ्रायर्स म्हणत. ते १२२१ मध्ये इंग्लंडला आले. लंडनमध्ये आधी होबर्नला राहिले आणि १२७० च्या दशकात थेम्सच्या काठावर, फ्लीट नदीच्या तोंडाशी सरकले. राजा पहिला एडवर्ड त्यांच्या पाठीशी होता. इतका, की त्यांच्या आवाराला जागा मिळावी म्हणून शहराची तटबंदी पश्चिमेकडे सरकवली गेली. त्याची राणी एलेनॉर १२९० मध्ये वारली तेव्हा तिचं हृदय इथे पुरलं. पुढे १५२९ मध्ये आठव्या हेन्रीच्या काडीमोडाचा खटला पोपच्या प्रतिनिधींपुढे चालला तो याच मठात. नऊ वर्षांनी, १५३८ मध्ये, त्याच हेन्रीने मठ बंद केला. जागा तुकड्यातुकड्यांनी विकली गेली. एका भागात नाटकगृह झालं, जिथे शेक्सपिअरची नाटकमंडळी हिवाळ्यात प्रयोग करायची, आणि शेक्सपिअरने स्वतः १६१३ मध्ये तिथलं गेटहाउस विकत घेतलं. उरलंसुरलं होतं तेही बहुतेक सगळं लंडनच्या १६६६ च्या मोठ्या आगीत गेलं.

तर पबमध्ये मठाचा एक दगडही नाही. पब त्या आवाराच्या पश्चिम टोकाला उभा आहे, एवढाच संबंध. मठाचा खरा तुकडा हवा असेल तर तो चालत पाच-सात मिनिटांवर आयर्लंड यार्ड नावाच्या बोळात, एका जुन्या दफनभूमीत भिंतीच्या अवशेषाच्या रूपाने आहे. त्याच्याकडे फारसं कुणी फिरकत नाही.

आता भिंती. १८६० ते ७० च्या दशकात या कोपऱ्याची पार उलथापालथ झाली. ब्लॅकफ्रायर्सचा नवा पूल १८६९ मध्ये खुला झाला, नदीकाठचा एम्बँकमेंट १८७० मध्ये, आणि तिथून थेट शहराच्या मध्यापर्यंत तिरका कापत नेलेला क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीट १८७१ मध्ये. त्याच सुमारास रेल्वेचा विटांचा उंच पूलही घरांच्या डोक्यावरून गेला. दाट वस्तीतून असा तिरका रस्ता काढला की दोन्ही बाजूंना विचित्र त्रिकोणी तुकडे उरतात. पबची जागा म्हणजे असाच एक पाचरीसारखा तुकडा: एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला रस्ता, पाठीला रेल्वे. १८७५ च्या सुमारास तिथे जी इमारत उठली ती अगदी चारचौघींसारखी होती. आजही रस्त्यापलीकडे उभं राहून वरचे मजले पाहा, साध्या खिडक्या आणि साधं बांधकाम. तळमजला झाकला तर तुम्ही तिच्याकडे दुसऱ्यांदा बघणार नाही.

पण दुकानदाराच्या दृष्टीने पाचरीच्या जागेसारखी जागा नाही. मुंबईतल्या इराण्यांनी नाक्यावरच्या जागा का धरल्या हे ज्याला कळतं, त्याला हे समजावून सांगायला नको: दोन रस्त्यांवरून गिऱ्हाईक दिसतं, दोन्हीकडे दारं काढता येतात, उजेड दोन्हीकडून येतो. इथे तर समोर स्टेशन आणि शेजारी पूल. सकाळ-संध्याकाळ हजारो कारकून याच टोकावरून जाणार. त्या टोकावर, दारावर, आज एक गलेलठ्ठ काळा फ्रायर पोटावर हात ठेवून हसत उभा आहे. तो तिथे का आहे, हे स्टेशनातून बाहेर पडताना लगेच कळतं: मान वर न करताही तो दिसतोच.

आता १९०५. पब तेव्हा आल्फ्रेड पेटिट यांच्याकडे होता. त्यांनी आर्किटेक्ट नेमला हर्बर्ट फुलर-क्लार्क, आणि शिल्पकार होते फ्रेडरिक कॉलकॉट आणि हेन्री पूल. आतल्या धातूच्या पट्ट्यांवरची शिल्पं मुख्यतः कॉलकॉटची, बाहेरचं दगडकाम आणि पुढे गुहेचं काम पूलचं. पूल काही पबांची सजावट करणारा कारागीर नव्हता. कार्डिफच्या सिटी हॉलवर त्याची शिल्पं आहेत आणि पुढे तो रॉयल अकॅडमीचा सदस्य झाला. फुलर-क्लार्कचं नाव आज फारसं कुणाला आठवत नाही. पण ऑक्सफर्ड सर्कसपासून जवळ, रायडिंग हाउस स्ट्रीटवर, ‘टी. जे. बोल्टिंग अँड सन्स’ या नळकाम करणाऱ्या कंपनीची त्याने बांधलेली इमारत आहे. तिच्यावरची हिरवी-सोनेरी मोझेकची अक्षरं पाहिलीत तर पबच्या बाहेरची अक्षरंही त्याच हाताची आहेत हे लगेच ओळखाल.

एका पबवाल्याने इतका खर्च का करावा? काळ बघा. १८९० च्या दशकात लंडनमध्ये पबांचे भाव वेड्यासारखे चढले, बिअर कंपन्यांनी कर्ज काढून पब विकत घेतले, आणि १८९९ च्या सुमारास तो फुगा फुटला. त्यात दारूबंदीवाल्यांचा जोर आणि परवाने देणाऱ्या मॅजिस्ट्रेटची करडी नजर. १९०४ च्या परवाना कायद्याने ‘गरजेपेक्षा जास्त’ ठरलेले पब भरपाई देऊन बंद करण्याची सोयच केली. अशा वेळी ‘आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक सभ्य आहे, आमची जागा कलेची आहे’ असं भिंतींनीच सांगितलं तर बरं. हा माझा अंदाज आहे, पेटिट यांनी तसं लिहून ठेवलेलं नाही. पण आधीच्या पिढीच्या पबांमध्ये कापलेले आरसे आणि भपकेबाज काच असायची, ती इथे नाही. त्याऐवजी हाताने घडवलेला धातू, दगड आणि गोष्टी सांगणारी शिल्पं आहेत. त्या काळी आर्ट्स अँड क्राफ्ट्स म्हणून जी चळवळ होती, यंत्रापेक्षा कारागिराच्या हाताला मान देणारी, तिची चव सुशिक्षित मध्यमवर्गाला लागली होती. पेटिट यांना तेच गिऱ्हाईक हवं असणार, असं मला वाटतं.

आणि विषय आयता मिळाला होता. जागेचं नाव ब्लॅकफ्रायर्स, मग सगळीकडे फ्रायरच फ्रायर. फक्त हे फ्रायर डोमिनिकन नाहीत. डोमिनिकन म्हणजे विद्वानांचा पंथ, मध्ययुगातला मोठा तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस त्यांच्यातला. पबमधले साधू म्हणजे शुद्ध ‘आधी पोटोबा, मग विठोबा’. खाणारे, पिणारे, गाणारे, डुलक्या काढणारे. मठ बंद होऊन साडेतीनशेपेक्षा जास्त वर्षं झालेल्या प्रॉटेस्टंट इंग्लंडला संन्याशांची अशी थट्टा करायला आवडायची. व्हिक्टोरियन चित्रांत असे गुबगुबीत साधू ढिगाने सापडतात. पबने तीच गंमत उचलली आणि ती उत्तम शिल्पकारांकडून करवून घेतली. ‘देखावा’ या शब्दात तुम्हाला खोटेपणा वाटतो, पण इथे देखावा आहे हे कुणी लपवलेलंच नाही. मध्ययुग हा नुसता पोशाख आहे, १९०५ अस्सल आहे. धातू खरा, संगमरवर खरे, हात खरे.

आत शिरल्यावर काय बघायचं ते आता सांगते, कारण बहुतेक लोक दोन फोटो काढून बाहेर पडतात.

दारातच थांबा आणि बाहेरची दारं मोजा. एवढ्याशा पबला इतकी दारं कशाला? कारण पूर्वी आत लाकडी पार्टिशनं होती. कामगारांचा स्वस्त पब्लिक बार वेगळा, थोडी जास्त किंमत देऊन जरा ऐसपैस बसणाऱ्यांचा सलून वेगळा, आणि प्रत्येकाला रस्त्यावरून स्वतंत्र दार. बाहेर धातूच्या फलकांवर बोट दाखवून ‘सलून इकडे’ म्हणणारे फ्रायर आहेत, ते या व्यवस्थेचे उरलेले साक्षीदार. आतली पार्टिशनं कधीच गेली, आता सगळी जागा मोकळी आहे. मला विचाराल तर या पबचं सगळ्यात मोठं नुकसान तेच, कारण मोकळ्या जागेत शिल्पांचे गट कुणासाठी होते हे कळत नाही. पार्टिशनं असलेला पब कसा लागायचा हे बघायचं असेल तर होबर्नच्या ‘प्रिन्सेस लुईस’मध्ये जा, तिथे ती पुन्हा बसवली आहेत. बेलफास्टला जाणं झालं तर ‘क्राउन’ बघा. दारं लावून बसायच्या छोट्या कप्प्यांसकट तो नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने जपला आहे.

मग शेकोटीकडे या. ही नुसती शेकोटी नाही. भिंतीत खोल कोनाडा करून त्याच्या आत दोन्ही बाजूंना बसायला जागा ठेवली आहे, इंग्लंडच्या खेड्यातल्या जुन्या घरात असायची तशी. भर शहरात, रेल्वेच्या पुलाला पाठ लावून, असा खेडवळ कोपरा करणं ही त्या काळातली खास हौस. तिच्यावरच्या पट्टीचं नाव ‘कॅरल्स’. नाताळची गाणी म्हणणारे, वाद्यं वाजवणारे साधू. कॉलकॉटचं कौशल्य चेहऱ्यांत आहे, म्हणून जवळ जा. उठाव फार खोल नाही, पण डोकी मात्र पट्टीतून पुढे येतात, त्यामुळे खालून दिवा लागला की गालांवर सावल्या पडतात. गाणाऱ्या दोघांची तोंडं सारखी उघडलेली तुम्हाला दिसणार नाहीत.

दुसऱ्या पट्टीचं नाव ‘टुमारो विल बी फ्रायडे’, म्हणजे उद्या शुक्रवार. शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून गुरुवारी साधू मंडळी ट्राउट आणि वाम मासे पकडताहेत. उपासाची तयारी इतक्या उत्साहाने करणारी माणसं आपल्यालाही ओळखीची आहेत. साबुदाणा आदल्या रात्री भिजत घालताना घरात जी लगबग असते, तीच ही. तिसरी ‘सॅटरडे आफ्टरनून’. शनिवारी दुपारी साधू बागकाम करताहेत, द्राक्षं-सफरचंदं काढताहेत. १९०५ च्या लंडनच्या कारकुनाला शनिवारी अर्धा दिवस सुट्टी असायची आणि तो दुपारी इथेच येऊन बसायचा. शिल्पातला शनिवार त्याचाच शनिवार होता.

मग गुहा. सलूनमधून तीन ठेंगण्या कमानींतून आत गेलात की छोटी, लांबट, अर्धगोल छताची खोली लागते. ही १९१७ ते १९२१ मध्ये झाली, रेल्वेच्या पुलाखालची कमान आतून पोखरून. पहिलं महायुद्ध चालू असताना पबमध्ये असं काम सुरू झालं, याचं मला अजूनही नवल वाटतं. छत पेलत असल्यासारखं वाटणारं मेहराबकाम मध्ययुगीन चॅपलसारखं, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरासारखं दिसतं, पण भार घेणारी आहे ती रेल्वेची विटांची कमान. संगमरवर आणि मोझेक हे आतलं अस्तर. वरून गाडी गेली की हलकासा थरार जाणवतो, तो त्यामुळेच.

इथे भिंतींवर सुभाषितं कोरली आहेत आणि प्रत्येकाखाली त्याची खिल्ली. ‘इंडस्ट्री इज ऑल’, उद्योगच सर्व काही, तिथे साधू पेंगतोय. ‘अ गुड थिंग इज सून स्नॅच्ड अप’, चांगली वस्तू लगेच पळवली जाते, तिथे हातगाड्यावर मुसक्या बांधलेलं डुक्कर चाललंय. ‘डोन्ट ॲडव्हर्टाइज, टेल अ गॉसिप’, जाहिरात नको, एखाद्या चहाडखोराला सांगा, तिथे साधू कपडे धूत गप्पा छाटताहेत. आमच्या बायकांच्या नदीकाठच्या धुण्याला नाव ठेवणाऱ्यांनी हे जरूर पाहावं. सगळ्यात कडी म्हणजे ‘फायनरी इज फूलरी’, नटणं-मुरडणं हा मूर्खपणा. हे वाक्य लंडनमधल्या सगळ्यात नटलेल्या पबच्या सगळ्यात नटलेल्या खोलीत, संगमरवरात. छताच्या कडेला कोपऱ्यांत चार छोटे सैतान बसलेत, ते संगीत, नाटक, चित्रकला आणि साहित्य या कलांचे. दिव्यांकडेही लक्ष द्या. खांद्यावर कावड घेतलेले साधू आहेत आणि कावडीच्या दोन टोकांना दिवे.

माझं मत विचाराल तर गुहा जरा जास्तच झाली आहे. सलूनमध्ये विनोद सहज येतो, इथे तो प्रत्येक कोपऱ्यात खुणावत राहतो. पण कारागिरी सलूनपेक्षा सरस आहे, आणि ती कुठून आली हे समजायला वेस्टमिन्स्टर कॅथीड्रल बघा. ते कॅथलिक कॅथीड्रल १९०३ मध्ये उभं राहिलं, बिझंटाइन धाटणीचं, आणि त्याच्या आत रंगीत संगमरवर आणि सोनेरी मोझेक चढवायचं काम पुढे चालूच राहिलं. रंगीत दगडाची ती आवड इथे बारमध्ये उतरली आहे.

दगडाबद्दल दोन शब्द, कारण माझा धंदाच तो. भिंतींवरचा संगमरवर म्हणजे जाड ठोकळे नव्हेत. विटांच्या भिंतीवर लावलेल्या पातळ लाद्या आहेत. चांगला कारागीर एकाच ठोकळ्यातून कापलेल्या शेजारच्या दोन लाद्या पुस्तकाच्या पानांसारख्या उघडून लावतो, म्हणजे शिरा एकमेकींच्या समोरासमोर येतात. जुन्या संगमरवरी भिंतींवर असे जोड शोधत जा. सोनेरी मोझेकच्या प्रत्येक तुकड्यात सोन्याचा वर्ख दोन काचांच्या मधे असतो, खाली जाड, वर अगदी पातळ. म्हणून शंभर वर्षांनीही सोनं काळवंडत नाही. तुकडे मुद्दाम किंचित वाकडे बसवतात, सपाट बसवले तर एकाच कोनातून चमकतात आणि बाकी वेळ पिवळट दिसतात. गुहेला खिडकी नाही, तिथे हे तंत्र नुसतं सौंदर्याचं नाही, गरजेचं होतं.

अलाबास्टर हा दुधी, थोडा पारदर्शक दगड इथे वापरलाय. तो दिसतो संगमरवरासारखा, पण जातीने जिप्सम, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस ज्यापासून होतं तेच. नखाने ओरखडा उठेल इतका मऊ (कृपा करून खात्री करायला जाऊ नका) आणि पाण्यात थोडा विरघळणारा. ओल्या फडक्याने वर्षानुवर्षं पुसला तर कोरीवकामाच्या कडा बोथट होतात. संगमरवराचं वैर आम्लाशी. लिंबू, व्हिनेगर, वाइन सांडली आणि राहिली की पॉलिश जातं आणि पांढुरका डाग पडतो, तो पुसून निघत नाही, घासून नव्याने पॉलिश करावं लागतं. त्यात शंभरेक वर्षांचा सिगारेटचा धूर. इंग्लंडमध्ये जुलै २००७ पासून बंद जागेत धूम्रपानाला बंदी आली, तोवर असल्या प्रत्येक पबच्या छतावर तपकिरी थर चढत होता. तो काढताना किती काढायचा आणि कुठे थांबायचं, हा आमच्याकडे नेहमीचा वाद. मी थांबणाऱ्यांच्या बाजूची.

हे सगळं उरलं ते नशिबाने. १९६० च्या दशकात हा भाग पाडून नव्याने बांधायचा बेत होता आणि त्यात पबही जाणार होता. त्याच दशकाच्या सुरुवातीला युस्टन स्टेशनची प्रचंड दगडी कमान पाडली गेली होती, लोकांनी एवढी ओरड करूनही. इथे मात्र कवी जॉन बेटजमन आणि इतरांनी केलेल्या मोहिमेला यश आलं. शेजारच्या इमारती गेल्या, म्हणून पब आज असा एकटा, कापून ठेवल्यासारखा दिसतो. १९७२ मध्ये तो संरक्षित इमारतींच्या यादीत गेला, आता तो ‘ग्रेड टू स्टार’ आहे. त्या दर्जात यादीतल्या साधारण ६ टक्केच इमारती येतात. या दर्जाचा अर्थ असा की, आतलं शिल्पच काय, दारंसुद्धा परवानगीशिवाय बदलता येत नाहीत.

आता आई-बाबांचं. इंग्लंडमधला पब म्हणजे आपल्याकडचा परमिट रूम नव्हे. दुपारी तिथे आजी-आजोबा जेवायला बसलेले असतात. काही न पिता बसलात तर कुणी हटकणार नाही, पण टेबल अडवून ठेवायचं तर काहीतरी मागवावं, हा शिष्टाचार. लाइम अँड सोडा, फळांचा रस सगळीकडे मिळतं, चहा-कॉफी बहुतेक ठिकाणी. वेटर येत नाही, बारवर जाऊन सांगायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. बारवर रांग दिसत नाही, पण असते. तुमच्या आधी कोण आलं हे लक्षात ठेवा.

कधी जावं, हे मात्र तुमच्या दिवसावर आहे. कामाच्या दिवशी संध्याकाळी पाचनंतर आजूबाजूच्या ऑफिसांतली माणसं येतात. पाय ठेवायला जागा नसते, पट्ट्या दिसतात पण फक्त डोक्यांवरून. सकाळी उघडल्या उघडल्या किंवा दुपारी तीनच्या सुमारास जा. नोव्हेंबरात चारला अंधार पडू लागतो, त्यामुळे बाहेरचं मोझेक आधी बघा, मग आत. आतलं काम दिव्यातच खुलतं. बरोबर लहान मुलं असतील तर वेळेची मर्यादा असू शकते, दारात विचारून घ्या. फोटो काढायला सहसा ना नसते, फक्त जेवणाऱ्यांच्या डोक्यावरून हात काढू नका.

वेळ असेल तर पबमधून निघून ब्लॅक फ्रायर्स लेनने वर जा. औषधविक्यांच्या संघटनेचं अपॉथेकरीज हॉल लागेल, तो मठाच्या पाहुणेघराच्या जागेवर आहे. पुढे प्लेहाउस यार्ड, नाटकगृहाची जागा, आणि मग आयर्लंड यार्डमधला तो तेवढा एक अवशेष. उलट क्रमाने गेलात तर अवशेष बघून पाय ओढत पबमध्ये याल, म्हाताऱ्या माणसांना तेच सोयीचं. बसायला गुहेत जागा मिळाली तर भिंतीला लागून बसा, आणि चिप्स मागवल्यात तर व्हिनेगर वेगळं घ्या, टेबलाच्या भिंतीकडच्या बाजूला ठेवू नका.